चिठ्ठी दाखवत इस्तंबूल

२७ डिसेंबर २०१३

इस्तंबूल. इस्तंबूल. गावाचं नाव मुद्दाम दोनदा लिहायला सांगितलं आहे. ही वही दुसऱ्या कोणासाठी नाही, पण मी गेल्यावर माउली ती उघडणारच, आणि पान उलटेपर्यंत आजी कुठं गेली होती ते विसरणार! नातू हुशार. रसायनाची सगळी सूत्रं पाठ. माझी गुडघ्याची गोळी आणायची मात्र चार दिवस ध्यानात राहत नाही.

तर झालं असं. माउली लातूरच्या क्लासात पहिला आला. क्लासवाल्यांनी चौकात त्याचा फोटो लावला — आमच्या घराच्या दारापेक्षा मोठा. आणि पहिल्या आलेल्या दहा मुलांच्या पालकांना परदेशाची सहल बक्षीस दिली. मुलांना नाही! मुलांना पुढच्या परीक्षेचा अभ्यास आहे. माझ्या लेकाला एसटीत रजा मिळाली नाही, सुनेला विमानाची भीती. राहिले मी. पासपोर्टावर अंगठा उठवला आणि आले.

क्लासचा मॅनेजर अमृतराव आमचा पुढारी. त्यानं प्रत्येकाला एकेक वही दिली. "प्रेरणादायी अनुभव लिहा, जाहिरातीत छापू." माझ्या वहीतलं एक अक्षर त्याला देणार नाही.

लिहिणारी जाहिदा. नांदेडची. उर्दू शाळेत तीस वर्षं मराठी शिकवून रिटायर झाली. तिची नात रुखसार नांदेडच्या शाखेत पहिली. परवापर्यंत आमची ओळख नव्हती. विमानतळावर माझी गोधडी उलटीपालटी करून तपासू लागले, तेव्हा ही माझ्या बाजूनं भांडली. आता एका खोलीत आहोत.

एवढं झाल्यावर म्हणलं, वाचून दाखव. वाचलं तिनं. — हे मी बोलले? हा तर तहसीलदार बोलला! जाहिदा, मी बोलते तसं लिही.

"मौशी, अशुद्ध होईल."

होऊ दे. माझंच हाय ते, तुझं न्हाई.

२८ डिसेंबर

इथं मला लई बरं वाटून राहिलं. का, तर इथं सगळेच अडाणी! पाट्या कुणालाच कळंनात. जळकोटचा लिंबाजी हाय एक — त्याच्या पोरीला सत्त्याण्णव टक्के, हे त्यानं विमानात पाणी देणाऱ्या पोरीला पण सांगितलं — तो लघवीला म्हणून गेला आन बायकांच्या दारात शिरला. पाटी वाचूनच शिरला की!

मी पंचाहत्तर वर्षं पाट्या न वाचता फिरले. गावाला जाताना उजव्या मुठीत जायच्या जागेची चिठ्ठी, डाव्या मुठीत परतायच्या जागेची. दिसंल त्याला दाखवायची. पण त्यातही अक्कल लागते. घाईतल्या माणसाला दाखवायची न्हाई. लई शाण्याला तर बिलकुल न्हाई, तो न वाचताच बोट दाखवतो. कडेवर लेकरू असलेल्या बाईला दाखवायची, न्हाईतर रिकामं बसलेल्या म्हाताऱ्याला.

सांजेला सगळे रस्ता चुकले. अमृतराव मोबाईल कधी आडवा धरतो, कधी उभा. मी हॉटेलाचं कार्ड काढलं आन मांजराला भाकर घालत बसलेल्या एका म्हाताऱ्याला दाखवलं. त्यानं हाताला धरून दारापर्यंत आणून सोडलं. माझ्या मागं सगळे पालक ओळीनं, अमृतराव सगळ्यात शेवटी.

मोठी मशीद बघितली. घुमट एवढा की भूकंपानंतर वसवलेलं आमचं अख्खं नवं गाव आत बसंल, पत्र्यांसकट. मी वर बघून राहिले, तेवढ्यात अमृतरावानं क्लासचा बॅनर उलगडला. "सगळे पालक बॅनरच्या मागं!" घुमट एकाही फोटोत आला न्हाई. क्लासचा फोन नंबर सगळ्या फोटोंत आलाय.

२९ डिसेंबर

राजवाडा बघितला. सुलतानाची गादी बघून लिंबाजी म्हणला, "बापाची होती ना? म्हणजे मॅनेजमेंट कोटा."

३० डिसेंबर

आज आब्रू गेली. का वाढली, अजून ठरायचं हाय.

दुपारी जेवून सगळे आडवे झालेले. आमच्या खोल्या चौथ्या माळ्यावर. हॉटेलाच्या दारावरून ट्राम जाते. रोजच जाते, पण आज दोन एकदम गेल्या असतील, टेबलावरचे पेले वाजले. आमच्याकडच्या माणसाला पेला वाजलेला चालत न्हाई! कुणी कुणाला हाक मारली न्हाई. दहाच्या दहा पालक अनवाणी जिना उतरून भर रस्त्यात. लिफ्टीत कुणी शिरलं न्हाई, एवढं शहाणपण वीस वर्षांमागंच शिकलेलो. क्लास न लावता.

मग एकमेकाच्या हाताकडं बघितलं. लिंबाजी लुंगीवर, हातात पोरीच्या मार्कशीटाची झेरॉक्स. अमृतरावानं बॅनर उचलून आणलेला! मुदखेडच्या एका बाईनं उशी. मी ही वही.

तिथली माणसं हसली न्हाईत. समोरच्या दुकानातली म्हातारी माझ्यासाठी खुर्ची घेऊन आली. तिनं हात पालथा धरून हलवून दाखवला, ट्रामकडं बोट केलं, आन मान हलवली. म्हणजे, आज ते न्हाई. आज नुसती ट्राम. जाहिदा म्हणली, इथं पण भूकंप झाला होता, चौदा वर्षांमागं. मला न सांगताच कळलं होतं.

आन जाहिदाच्या मुठीत काय होतं? चष्मा न्हाई, पासपोर्ट न्हाई. एक चिठ्ठी.

वर आल्यावर विचारलं. सांगंना. मग सांगितलं. तिचा धाकटा, फरहान. त्याला डॉक्टर करायला लातूरच्या होस्टेलात ठेवला होता. एकदा परीक्षा दिली, हुकली. दुसऱ्यांदा चार मार्कांनी हुकली. हिनं फोनवर म्हणलं, "मार्क घेऊन ये, न्हाईतर माझ्या दारात उभा राहू नकोस." पोरगं आज्ञाधारक निघालं. आठ वर्षं झाली, दारात उभं राहिलं न्हाई. हैदराबादेत होता म्हणे, मग दुबईत. आता ह्याच गावात हाय. त्याच्या दोस्ताकडून पत्ता मिळाला, म्हणून बाई सहलीला आली. रुखसारच्या आई-बापानं यायचं होतं, त्यांची समजूत घालून. आन चार दिवस झाले, चिठ्ठी घडी घालून-उलगडून फाटायला आली, पण त्या बाजूला पाऊल न्हाई!

इथं जाहिदाचा पेन थांबला. मी एवढं बोलले आन तीनच ओळी? मला अक्षर येत न्हाई, ओळी मोजता येतात. लिही!

"मौशी, हे माझं आहे."

वही माझी हाय.

लिहिलं मग. मी पण माझं सांगितलं, उसनं ठेवलं न्हाई. आमच्याकडच्या भूकंपात माझी लेक पार्वती गेली. आदल्या सांजेला ज्वारीत खडे राहिले म्हणून तिला लई बोलले होते, आन रागानं मळ्यात निजायला गेले. म्हणून मी हाय. खडे किती होते? दोन. वीस वर्षं झाली, अजून मोजून राहिले.

जाहिदा, रडू नको. वही भिजली तर परत सांगायची न्हाई मी. तीन तारखेला पहाटे विमान हाय. मधी दोन-तीन दिवस हायेत. तुझं पोरगं एका गावात, तू त्याच गावात. कशाला बसलीस?

३१ डिसेंबर

आज समुद्राखालून रेल्वे. वर पाणी, मधी आम्ही. ट्रामीला भिऊन पळालेली माणसं समुद्राखाली मुकाट बसली, कारण अमृतराव म्हणला, "एका दिवसात दोन खंड! असा चान्स पुन्हा न्हाई." पलीकडं पोचल्यावर लिंबाजीनं विचारलं, दुसरा खंड कुठं सुरू झाला? कुणालाच दिसला न्हाई. तिथं पण बॅनर उलगडला.

चिठ्ठीवरचा पत्ता पलीकडचाच. मी जाहिदाला म्हणलं, दे इकडं. ती चार भाषा वाचते, पण माणसाला विचारायला लाजते. लेकराला घेऊन चाललेली बाई गाठली, तिनं वर बोट केलं. रिकामा म्हातारा गाठला, तो उठून आमच्याबरोबरच निघाला. चढाच्या गल्लीत एक दुकान. काचेवर वाफ. आत काय, तर वरण! मसुरीचं वरण वाटीत घालून, वर लिंबू पिळून विकून राहिले लोक. एवढ्या लांब येऊन वरण!

काचेच्या आत एक उंच पोरगा पळी घेऊन उभा. हसून एका पोराला वरण वाढत होता. जाहिदानं माझा दंड धरला, असा, की वळ उठला. म्हणली, "दाढी ठेवलीय." मग म्हणली, "बारीक झालाय." मग म्हणली, "चला."

चला म्हणजे आत न्हाई. माघारी.

म्हातारा आमच्याकडं बघून राहिला. त्यानं एवढी चढण चढवली होती. मला त्याची लाज वाटली.

रस्त्यानं जाहिदा एकच बोलली, "मी कोणत्या तोंडानं त्याच्या दारात उभी राहू?"

हे तिनं लिहिलं. ओळी मोजल्या. बरोबर हायेत.

१ जानेवारी २०१४

आज येळवस, वेळ अमावस्या! लातूरच्या बाजाराला कुलूप असंल, सगळा गाव शेतात. पूजेला कडब्याची खोपटी, म्हणजे कोप, मडक्यात आंबील, भज्जीला सगळ्या डाळी, सगळ्या शेंगा. ओळख असो नसो, ज्याला दिसंल त्याला हाक मारून जेवू घालायचं. आन आम्ही इथं हॉटेलात गोल बसून अमृतरावाला ऐकून राहिलो — "नव्या वर्षाचा संकल्प काय?" लिंबाजीचा संकल्प अठ्ठ्याण्णव टक्के. त्याच्या न्हाई, पोरीच्या.

माझी पाळी आली. म्हणलं, माझा संकल्प हाय, दुसऱ्याच्या पोराच्या मार्कावर फुकट फिरायला जायचं न्हाई. कुणी टाळी वाजवली न्हाई. अमृतराव म्हणला, "आजी गमतीच्या आहेत."

जाहिदा आज बोलत न्हाई. लिहिते फक्त. जेवली पण न्हाई. मी म्हणलं, चल, मी येते बरोबर. "त्यानं बोलवलं तर येईन." त्याला कसं कळावं तू आलीस ते? "मग राहू द्या." म्हणजे बघा — मायलेकांनी एकच क्लास लावलेला दिसतो. एकच उत्तर पाठ.

एवढं लिहून तिनं पेन ठेवला. उद्या एक दिवस. मग न्हाई.

२ जानेवारी, सकाळ

आज मी कुठं जाणार न्हाई. गुडघे लई दुखून राहिले. जाहिदा, तू पण बॅग भर, आराम कर. लिहिलंस? बरं.

२ जानेवारी, दुपार

अक्षर बदललं, ध्यानात आलं का? जाहिदाचं गोल होतं. ह्याचं म्हणे डॉक्टरासारखं हाय, कुणालाच वाचता येत न्हाई. हे लिहिताना हसला.

मी एकटीच आले, परवाची चिठ्ठी दाखवत, समुद्राखालून. मराठीत म्हणलं, वरण दे बाबा, लिंबू जास्त पिळ. पोरग्याच्या हातातली पळी खाली पडली. "अम्मीनं पाठवलं?" न्हाई, तिला ठाव पण न्हाई. "मी डॉक्टर झालो नाही, आजी." दिसतंय की, माणसं बरी होऊन बाहेर चाललीत. "त्यांनी दारात उभं राहू नको म्हणलं होतं." अरे, हॉटेलाचं दार तिचं हाय का? त्या दाराबद्दल ती कधी काही बोलली न्हाई!

मग फडकं खुंटीला अडकवलं, दुकान मालकाच्या हवाली केलं. एवढं लिहून झालं की माझ्याबरोबर हॉटेलाकडं निघतो म्हणतो.

माउली, फरहानला गावाकडून पार्सल पाठवायचं. जाहिदाला विचारू नका, तिला आठ वर्षांमागचीच आवड माहीत. ह्यालाच विचारून लिहिलंय. आमटीला लावायचं येसर एक किलो. शेंगाची चटणी, उखळात कुटलेली, मिक्सरची नको. आन तिखट निम्मं टाका. सोसत न्हाई म्हणतो आता.