येतो म्हणालो होतो

रविवार, दुपार
(तारीख लंबूला विचारली, तर म्हणतो काल सांगितली असती. तेव्हा ती तूच घाल.)

ती. आत्यास,

साष्टांग नमस्कार. आणि हे वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या काकूंनाही नमस्कार. काकू, चष्मा पुसून घ्या, माझं अक्षर अजून तसंच आहे.

आत्या, खोटं कशाला बोलू, पत्र लिहायचं मी टाळत होतो. इथे डोंगरावर फोन लागत नाही हे खरं, पण कागद आणि पेन तर होतंच की. दर रविवारी बसायचो, ‘ती. आत्यास’ एवढं लिहायचो, मग कुणीतरी हाक मारायचं. कुणी नाही मारली तर मीच कुणाला तरी मारायचो. असे बरेच कागद उशीखाली साचलेत. लंबू म्हणजे माझ्या खोलीतला सोबती, खाटेबाहेर पाय काढून झोपणारा. त्याने त्यातल्या एकाची घडी करून टेबलाच्या आखूड पायाखाली सरकवली. टेबल आता डुगडुगत नाही, त्यामुळे माझ्याकडे सबबच उरली नाही.

तब्येत बरी आहे. पायऱ्या पायऱ्यांच्या चढाने पिंढऱ्या दगडासारख्या झाल्यात. आमची खोली दवाखान्याला लागूनच, वर पत्रा. दवाखाना म्हणजे तरी काय, एक टेबल, एक कपाट, आणि तुळईला टांगलेला वजनकाटा. त्याच्या झोळीत बाळ ठेवलं की पहिल्यांदा आई रडते, मग बाळ. काम तसं साधं. सकाळी पिशवी घेऊन निघायचं, घरोघरी जायचं, बाळांची वजनं, पाण्याची भांडी झाकलेली आहेत का, घरात कुणाला लांबलेला खोकला आहे का, एवढं बघायचं. आमच्या सगळ्या शिकाऊंची मिळून एक डॉक्टरबाई आहे. ती फारशी ओरडत नाही, नुसती बघते. तू बघायचीस तशी.

पिशवीवरून आठवलं. परवा स्पिरिटची बाटली पिशवीत सांडली आणि एकदम तूच खोलीत आल्यासारखं वाटलं. संध्याकाळी तू कामावरून यायचीस, पिशवी खुंटीला लावायचीस, आणि घरभर तो वास. मी पिशवीत तोंड खुपसून बसायचो. सुया उकळायच्या तुझ्या त्या चपट्या डब्यात मी अंडं उकडलं होतं ते आठवतं? दुसऱ्या दिवशी डबा घासून घासून लखलखीत केलास आणि मला म्हणालीस, आता यात तुझं डोकं उकळायचं बाकी आहे. काकू, यावर ती हसत असेल तर जरा थांबा.

आणि दुसरी आठवण, ती सांगायलाच हवी, कारण सगळा घोटाळा तिथूनच झाला.

शाळेला उशीर झाला की मी दप्तर उचलून ‘जातो गं’ म्हणून धूम ठोकायचो. तू गल्लीच्या तोंडापासून मला परत आणायचीस. पायरीवर बसवायचीस, पाणी प्यायला लावायचीस आणि नीट बोलल्याशिवाय सोडायची नाहीस. ‘जातो’ नाही म्हणायचं, ‘येतो’ म्हणायचं. उशीर होऊन मी छड्या खाल्ल्या, पण तो शब्द काही चुकू दिला नाहीस. माझ्या बाकी शिक्षणाचं काय झालं तुला माहीत आहे. दोन कॉलेजं अर्ध्यावर सोडली. हा आरोग्याचा वर्ग तेवढा तुझ्या धाकाने धरून ठेवलाय. पण ‘येतो’ पक्कं बसलं.

इतकं पक्कं, की इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी इथल्या लोकांच्या भाषेत ‘मी’ आणि ‘येतो’ हे दोन शब्द शिकून घेतले आणि प्रत्येक घरातून निघताना तेच म्हणायला लागलो. मान लववून, हसून. मला वाटायचं किती छान निरोप घेतोय.

आत्या, त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ सरळ ‘येतो’ एवढाच आहे गं.

एका घरात माझ्यासाठी जेवण झाकून ठेवलं आणि स्वतः खोळंबून बसले. दुसरीकडे एका बाईने बाळाला झोपूच दिलं नाही, वजनवाला परत येणार म्हणून. ते रडून रडून निळं व्हायची वेळ आली. शेवटी डॉक्टरबाईपर्यंत बोभाटा गेला, की तुमचा एक पोरगा सगळ्यांना शब्द देतो आणि तोंड दाखवत नाही. तिने मला समोर बसवून विचारलं, निघताना तू म्हणतोस तरी काय? मी सांगितलं. ती इतकी हसली की तिला उठून बाहेर जावं लागलं. मग तिनेच घरोघरी उलगडा केला. तेव्हापासून माझं नाव ‘येतो’ पडलंय. पोरं लांबून ओरडतात, आणि लंबू तर आंघोळीला निघालो तरी विचारतो, नक्की येणार ना?

पण तो उलगडा वरच्या एका घरापर्यंत पोचलाच नाही.

चढाच्या शेवटाला एक सुतार एकटाच राहतो. मी त्याला सुतारबाबा म्हणतो. स्टुलं आणि खुर्च्या करतो, अंगणात भुशाचा ढीग. त्याला टीबी निघाला होता. पहिली गोळी मी समोर बसून दिली, बाकीच्या त्याच्याकडे ठेवल्या, आणि सवयीने म्हणालो, मी येतो. आठवडा उलटून गेल्यावर वर गेलो तर गोळ्या जशाच्या तशा. दाराशी एक स्टूल मांडलेलं, त्यावर भुशाचा कणसुद्धा नाही. म्हणाला, तू येतो म्हणालास, म्हटलं आला की घेऊ.

डॉक्टरबाईने नुसतं बघितलं. गोळ्या पहिल्यापासून सुरू झाल्या आणि रोज वर जायचं काम माझ्याकडे आलं.

त्याला खाली दवाखान्यात यायला सांगून आम्ही थकलो. टीबी आहे हे कळलं तर माझ्या खुर्चीत कोण बसेल, हा त्याचा सवाल. म्हणून मी जातो. तो रंधा थांबवतो, गोळी घेतो, तोंड वाकडं करतो, आणि मग आमच्या गप्पा. म्हणजे तो बोलतो, मी निम्मं समजतो. खोकला खूप कमी झालाय. मध्यंतरी मी त्याला आपल्या ‘येतो’ची सगळी हकिकत सांगितली, तुझ्यासकट. त्याने रंधा खाली ठेवला.

“मग खरंच कायमचं जाताना तुम्ही काय म्हणता?”

“येतोच म्हणतो.”

“मग मागे राहिलेल्याला कळायचं कसं?”

मी म्हटलं, “वाट बघून.”

त्याने लाकडावरून एकदा हात फिरवला. मग विचारलं, की जो खरोखर परत येतो, तो दारात काय म्हणतो? मी म्हटलं, ‘आलो’. तो शब्द त्याने तोंडात घोळवून बघितला. ‘ल’ त्याला जमेना. मी हसलो, तर मला म्हणाला, तू आमची भाषा बोलतोस तेव्हा मी हसतो का? हसतो की, दररोज हसतो.

काकू, आता जरा हळू वाचा. आणि आत्याच्या हाताशी पाणी ठेवा.

आत्या, आमची तुकडी या महिन्याअखेर परत निघतेय. पुढची तुकडी यायला मध्ये बराच काळ जाणार. इथली कायमची नर्स एकटी आहे, पाच वाड्या सांभाळते, तिला रोज तो चढ जमणार नाही. आणि म्हाताऱ्याने स्वच्छ सांगितलंय, की तू नाही तर गोळी नाही. अजून बरेच महिने त्याला ती घ्यायची आहे. मध्ये सोडली तर काय होतं, ते मी तुला सांगायला नको.

म्हणून मी डॉक्टरबाईला सांगितलं, की मी राहतो. ती म्हणाली, आधी घरी कळव. हेच ते कळवणं. उशीखालचे सगळे कागद इथपर्यंत यायच्या आधीच संपत होते.

तुझ्या डोळ्याचं मला माहीत नाही असं नाही. काकूंचं पत्र मिळालं. मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर तारीख देतायत आणि तू ती पुढे ढकलतेयस. पोरगा येतो म्हणून गेलाय, तो आला की करू, औषधाचे थेंब तोच घालेल. काकू घालायला तयार आहेत, तर त्यांचा हात म्हणे थरथरतो. (काकू, हे तुम्हीच लिहिलंय.) जन्मभर लोकांना वेळेवर औषध घ्या म्हणून दटावलंस, आणि आता स्वतः दाराशी स्टूल मांडून बसलीयस. तिकडे तू, इकडे तो. दोघांनाही मी एकच शब्द दिला, आणि माझे पाय दोनच.

विचार करतो तेव्हा आपली पायरी आठवते. उन्हाने तापलेली, मी पाण्याचा पेला धरून बसलेलो, आणि तू उंबऱ्यात उभी, मी नीट बोलायची वाट बघत. तेव्हा तुझे डोळे किती लांबचं बघायचे. गल्लीच्या टोकाला मी कुणाशी मारामारी करतोय ते तुला घरातून दिसायचं. आता काकू पत्र वाचतात. हे मला

थांब जरा. बाहेर पोरं ओरडतायत.

आत्या, सुतारबाबा आलाय. दवाखान्याच्या दारात, भर दुपारी, रविवारच्या वजनाला जमलेल्या सगळ्या बायकाबाळांसमोर, डोक्यावर एक नवीकोरी खुर्ची घेऊन. चढ उतरून धापा टाकतोय, पण खोकत नाहीये. लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगतोय, की इथे लोक भिंतीला टेकून बसतात ते बघवत नाही, म्हणून खुर्ची आणली, आणि ती नीट बसली की नाही ते बघायला मला आता रोज खाली यावं लागणार. मग स्वतःच तिच्यात ऐसपैस बसला. नर्सपुढे हात पसरला. तिने गोळी ठेवली, ती सगळ्यांदेखत गिळली आणि तोंड वाकडं केलं.

आणि खिडकीतून माझ्याकडे बघून म्हणाला, “आलो.” ‘ल’सकट.

काकू, डॉक्टरकडून महिन्याअखेरची तारीख घ्या. आणि हा शेवटचा शब्द तिला मोठ्याने वाचून दाखवा. या वेळी त्याचा अर्थ त्यांच्या भाषेतला आहे.

येतो.

तुझा,
अंडंवाला