डब्यावरची चिठ्ठी

दि. ३ मार्च

चि. बारकीस अनेक आशीर्वाद.

आई तुझ्याकडे दोन महिने काय राहिली, परत आल्यावर गल्लीत भेटेल त्याला सांगत सुटली की धाकटीने मला उभं केलं. मी शेजारीच तिची पिशवी धरून उभी! खरं सांगते, मला तुझा हेवा वाटतो. लिव्हरच्या दुखण्याने तिच्या अंगाला खाज सुटायची, तेव्हा वर्षभर शिलाईमशीन बाजूला सारून मी तू पाठवलेली ती पावडर पाण्यात ढवळून दिली. खाज थांबली माझ्या हातून, आणि नाव तुझं.

आता महिनाभरात ती पुन्हा सुस्तावली आहे. तोंड सुजलंय, जेवताना पेंगते. थायरॉइडची गोळी मी एक दिवस चुकवत नाही. रोज आठला गोळी आणि पावडरचा पेला एकाच ताटलीतून नेते. डॉक्टर गोळी वाढवू म्हणतात. तुझे भाऊजी तर म्हणाले, तिला कायमचं धाकटीकडेच ठेवू. माझं डोकंच फिरलं. तू तिला गुपचूप काय देत होतीस, ते एकदा सांगून टाक.

लोभ आहे, पण सध्या रुसलेला.

तुझी ताई

दि. ९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी हसले, मग घाबरले. मी वेगळं काहीच दिलं नाही. ही पावडर आतड्यात पित्ताला धरते आणि बाहेर नेते, म्हणून खाज थांबते. आमच्या औषधांच्या दुकानात ती कुणी कोलेस्टेरॉलसाठी नेतं, कुणी पित्ताशय काढल्यानंतरच्या जुलाबांसाठी. पण सोबत घेतलेली गोळीही ती तशीच धरते, अंगाला लागू देत नाही. म्हणून मी गोळी सहाला द्यायचे, पावडर अकराला. गेल्या वर्षी डबा पाठवला तेव्हा त्यावर तशी चिठ्ठी चिकटवली होती. वाचली नाहीस का? गोळी वाढवण्याआधी डॉक्टरांना हे सगळं सांग.

आणि हेव्याचं म्हणशील तर दोन महिने मी आईकडून रोज ऐकलं, ताईसारखं ढवळणं तुला जमत नाही, गुठळ्या राहतात.

रुसवा सोड, लोभ ठेव.

तुझी बारकी

दि. ३० एप्रिल

चि. बारकीस आशीर्वाद, आणि मोठी असूनही माफी.

चिठ्ठी मी वाचलीच नव्हती. डबा आला त्याच दिवशी फाडून केराच्या टोपलीत टाकली. आईचं करायचं मी आणि शहाणपण शिकवणार ही, असं वाटलं. डॉक्टर रागावले, पण गोळी वाढवली नाही. वेळा बदलल्या. परवा रक्त तपासलं, ठीक आलं. काल आई माझ्या मशीनशेजारी बसून गुंड्या लावत होती.

आज तिच्या उशीचा अभ्रा बदलला, तर आत तुझी चिठ्ठी, तुकडे खळीने जोडलेले. वर्षभर तिला ठाऊक होतं! विचारलं तर म्हणाली, ताटली आणताना तुझा चेहरा इतका खुललेला असायचा, चूक काढायचा जीव झाला नाही. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून खूप रडले.

पण माझा स्वभाव तुला माहीत आहे. डोळे पुसल्यावर पहिला विचार आला तो हाच, की वर्षभर तिच्या उशाशी अक्षर होतं तुझं. मग त्याच वेळा मी माझ्या हाताने लिहून डब्यावर चिकटवल्या आणि तुझी चिठ्ठी होती तिथे ठेवली.

संध्याकाळी पाहते तर डबा कोरा. उशी चाचपली. आत दोन चिठ्ठ्या होत्या.

आता वेळा पाठच करते. लोभ असू दे, माझा रुसवा संपला.

तुझी ताई