निरोगी माणसाची बाटली

दरेकसा,
५ ऑगस्ट २००४

चि. भुवनेश्वर यास ताईचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. धानाची रोवणी अर्ध्यावर आली आहे आणि माझी कंबर पुरती गेली आहे. मुतखड्याच्या तिसऱ्या ऑपरेशनात एक गुर्दा काढल्यापासून तुझ्या भाऊजींना वाकणं जमत नाही. शेताच्या धुऱ्यावर उभे राहून हुकूम तेवढे सोडतात.

तू लिहितोस, पुन्हा पुन्हा मुतखडा होणाऱ्यांच्या लघवीत जी प्रथिनं तुमच्या प्रयोगशाळेत दिसतात, ती भाऊजींसारखीच माझ्याही बाटलीत निघाली. चाचणी अजून कच्ची आहे, तरी ताई, नागपूरला येऊन सोनोग्राफी करून घे, असं तुझं म्हणणं. तुझा जीव तुटतो, कळतं रे. पण मी ठणठणीत आहे.

रुचीला बघायला देवरीचे पाहुणे आले होते. मुलगा मास्तर आहे, पोरगी पसंत पडली. चहा पिता पिता त्याच्या आईने विचारलंच, "बापाले मुतखडा हाये म्हन्तेत, पोरीले तं नाही ना?" मी नाही म्हटलं.

त्याच्या आदल्या आठवड्यात रुची रोपं लावता लावता बांधीतच पोट धरून बसली होती. "काऊन वं, का झालं?" विचारलं, तर म्हणे, "काही नाही माय, पित्त झालं." रोवणीत बायकांना आडोसा नसतो, म्हणून पोरी दिवसभर पाणीच पीत नाहीत.

तू निरोगी माणसाची म्हणून माझी बाटली मागितलीस. मी रुचीची पाठवली. तिच्या नावाने कशी पाठवणार? बाटल्या नेणारा चैतराम पाहुण्यांच्या नात्यातला. वाटलं, तुझं उत्तर चांगलं आलं की कुणाला काही कळायलाच नको. तुझं काम बिघडवलं, हवं तर रागाव.

काल तिला तुझं पत्र वाचून दाखवलं. रडली नाही. म्हणाली, "बाबाचा गुर्दा गेला तवा साऱ्यायले समजलं. माहा बी गेल्यावरच सांगशीन का पाहुण्यायले?" फार थकले रे भाऊ. आता खोटं बोलायचंही बळ नाही.

रोवणी तशीच टाकून सोमवारी आम्ही दोघी येतो. आधी तपासणी, मग साखरपुडा, असा निरोप देवरीला धाडला आहे. लग्न मोडलं तर मोडो.

त्या बाटलीवरचं माझं नाव खोड आणि लिही: रुची नत्थूलाल पटले, वय एकोणीस.

तुझी ताई,
धनवंता