ब्रेक आणि पिवळा पट्टा

बाबा,

आज गॅरेजवाला मला हसला. आमच्या छोट्या गाडीला मोठ्या डिस्कचे, भारीतले ब्रेक बसवून मिळतील का, एवढंच मी विचारलं होतं. "मॅडम, घर ते स्टेशन, स्टेशन ते घर. तुम्हाला कुठे रेस लावायचीय? आहेत ते मस्त आहेत. फार तर ब्रेक ऑइल बदला, टायरवर लक्ष ठेवा," तो म्हणाला. ते ऐकताना मला तुमचा ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला पिवळा पट्टा आठवला आणि मीही हसत सुटले. बिचारा गोंधळला.

तुम्ही सेकंडहँड गाडी घेतलीत तेव्हा माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि नोकरी लागायची होती. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये माझं नाव तुम्हीच घातलंत, लायसन्स आल्यावर पेढेही तुम्हीच आणलेत. पण किल्ली मागितली की उत्तर ठरलेलं. "आधी ब्रेक बघू. कच्चे आहेत हिचे ब्रेक." मला ती गाडी चालवायची होती, बाबा, अगदी जीव टाकून चालवायची होती. गच्चीत कपडे वाळत घालतानासुद्धा माझा डावा पाय क्लच दाबायचा. डोंबिवलीतल्या आपल्या बिल्डिंगमध्ये तेव्हा एकाही बाईला गाडी येत नव्हती आणि पहिला नंबर मला हवा होता.

शुक्रवारी तुमच्या कारखान्याला सुट्टी. अख्खी इस्टेट बंद, रस्ते मोकळे. सुट्टीच्या दिवशी माणूस घरी लोळतो. तुम्ही मला आणि आईला गाडीत घालून थेट आपल्याच कारखान्याच्या मागच्या रस्त्यावर नेलंत. गाडी वेगात यायची, विजेच्या खांबापाशी तुम्ही कचकन ब्रेक दाबायचात, आणि जिथे पुढचं चाक थांबेल तिथे मी ऑइल पेंटचा पिवळा पट्टा मारायचा. वॉचमन खुर्ची बाहेर काढून तमाशा बघत बसलेला. मागच्या सीटवर आई, मांडीवर डाळिंब्यांच्या उसळीचा डबा धरून. टेस्ट झाली की बाळकुमला आत्याकडे जायचं असं तिला कबूल केलेलं.

"अहो, परत? आता पुरे की!"

"अगं, खात्री नको का करायला?"

त्या आठवड्यात तुम्ही ब्रेकला पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवून घेतलात. पुढच्या शुक्रवारी पुन्हा तोच खांब, तोच वॉचमन, तीच उसळ. तुम्ही पाय नुसता टेकवलात आणि गाडी अशी थांबली की निम्मी उसळ आईच्या साडीवर. तुम्ही ऐटीत खाली उतरलात. आणि बघता तर चाक बरोब्बर जुन्या पट्ट्यावर! एक बोटही अलीकडे नाही. तुमचा तो चेहरा मला आत्तासुद्धा दिसतोय. तुम्ही उकिडवे बसता, टायरवरून हात फिरवता, आणि मग स्वतःच कपाळावर हात मारून घेता. "चाकं आधीही जाम होत होती, आत्ताही होतायत. टायरच गुळगुळीत झालेत, रस्ता धरत नाहीत, तर ब्रेक काय करणार?"

मग नवे टायर आले. तिसऱ्या शुक्रवारी गाडी पट्ट्याच्या चांगली अलीकडे थांबली. मी ब्रश टाकून टाळ्या वाजवल्या. तुम्ही घसा खाकरून म्हणालात, "आता जरा आरसे..."

"आरशांना काय धाड भरलीय?" आई मागून कडाडली. "द्या तिला किल्ली. नाहीतर मी रिक्षाने जाते बाळकुमला."

तुम्ही दिलीत. स्कूलच्या गाडीत मला ब्रेक दाबायला सीटवरून जवळजवळ उठावं लागायचं; इथे चपलेचा अंगठा टेकवला तरी पुरे. बूस्टर काही अगदीच वाया गेला नव्हता. बाळकुमपर्यंत मी नेली. तुम्ही शेजारच्या सीटवर बसून प्रत्येक रिक्षाला, प्रत्येक म्हशीला दोन्ही पायांनी गाडीचा तळ दाबत होतात. आईचं सारखं चाललेलं, "अहो, तिकडे ब्रेक नाहीये!" पुढे काही वर्षांत त्या जागची चटई झिजून तिला भोक पडलं, आणि आपण पाहुण्यांना ते दाखवायचो.

आत्या दारात आली. "दादा, तू त्या बाजूने कसा काय उतरलास?"

"आज ड्रायव्हर आणलाय," तुम्ही म्हणालात आणि माझ्याकडे न बघता डबा उचलून आत गेलात. मला इतका आनंद झाला होता की गाडी लॉक करायची राहिली.

तुमच्या नातीला गेल्या आठवड्यात लायसन्स मिळालं. तिला गाडी घेऊन एकटीने कल्याणला मैत्रिणीकडे जायचंय. मी काय म्हटलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. आत्ताही ती बाहेरून ओरडतेय, "आई, काय बोलला गं तो गॅरेजवाला? ब्रेक बदलायला लागणारेत का?"

हे कागद घडी घालून पर्समध्ये ठेवते, किल्ली काढली की तिथे जागा होईलच. ब्रेक चांगले आहेत हे मला गॅरेजमध्ये जायच्या आधीच माहीत होतं, बाबा. आज कल्याणपर्यंत मी तिच्या शेजारी बसणार आहे. त्या बाजूला घालायला जाड चटई मी परवाच आणून ठेवलीय.