पाळक मागितला होता

५ जानेवारी, रविवार

सोनियानं आज जेवताना सांगितलं. तेही माशाचं कालवण वाढता वाढता! "पप्पा, बँकेची नोकरी सोडून पाळक व्हायचं शिकायला जायचं हाय मला." माझा घास घशात. ही म्हणाली, "काटा अडकला काय हो?" काटाच म्हणायचा.

पाळकाची बायको हो, असं मीच दोन वर्षांपूर्वी सुचवलं होतं. लोंढ्याचं ते स्थळ काय वाईट होतं? तेव्हा तोंड वाकडं केलं. आता स्वतःच पाळक! सव्वीस वर्षांची एकुलती एक पोरगी, बेळगावात पंख्याखाली बसून काम करते, आणि हिला डोंगरातल्या चर्चच्या मंडळ्या सांभाळायच्या आहेत.

मी म्हटलं, बघू. आमच्या घरात 'बघू' म्हणजे काय ते तिघांनाही ठाऊक आहे.

६ जानेवारी

झिलूला सांगितलं. दिग्गीचा कुणबी, रेल्वेच्या गँगमध्ये तीस वर्षं माझ्या बरोबरीनं होता. रिटायर झाल्यापासून दर रविवारी चर्चच्या बाहेर फणसाखाली तंबाखू मळत बसतो, उपासना सुटायची वाट बघत. आत पाऊल टाकत नाही. पण ऐकतो सगळं, लबाड!

पोट धरून हसला. "बावीस वर्सं झाली शांतवन्या, दर रविवारी तूच मागतोस न्हवं? देवा, ह्या डोंगरात ऱ्हाणारा पाळक दे, डोंगरात ऱ्हाणारा पाळक दे. आता तुज्या घरातनंच दिला तर मागल्या दारानं परत धाडतोस व्हय?"

याला दोस्त म्हणायचं!

१२ जानेवारी, रविवार

उपासनेत माझा संदेश चांगला झाला. पन्नास मिनिटं. पुढच्या बाकावरची फुलाक्का तिसऱ्या मिनिटालाच डोळे मिटून बसली. ती डोळे मिटून ऐकते, असं मी धरून चालतो.

कॅसलरॉकात आमची नऊ घरं. पाळक लोंढ्याहून महिन्यातून एकदा येतात, तिसऱ्या रविवारी, गाडीनं. बाकीचे रविवार माझ्या गळ्यात पडले. मी काही मागून घेतले नाहीत, नाइलाज होता. नाइलाजाला आता बावीस वर्षं झाली.

१९ जानेवारी, रविवार

पाळक आले. गाडी चाळीस मिनिटं लेट. सोनियाच्या कॉलेजला लागणारं शिफारसपत्र घेऊनच आले. त्यांची सही आहे, खजिनदार गुणाची आहे. तिसरी सेक्रेटरीची — म्हणजे माझी. "वाचून, सावकाश सही करून ठेवा," म्हणाले, "पुढच्या खेपेला येईन तेव्हा नेतो."

ते गेल्यावर सोनिया म्हणाली, "पप्पा, पंधरा फेब्रुवारी शेवटची तारीख हाय हं."

पुढची खेप सोळा फेब्रुवारीला! कॅलेंडर दोनदा पाहिलं. पाळकांना तारखांचं काही भान नाही. मीही आठवण करून दिली नाही. बरं झालं — मला 'नाही' म्हणायची वेळच येणार नाही. गाडीच म्हणेल.

पत्राचं पाकीट मी संदेश देतो त्या पुलपीटवरच्या मोठ्या बायबलात ठेवलं. जुन्या करारात नुसत्या नावांच्या याद्या आहेत, त्या पानांत. तिकडे कोणी फिरकत नाही. तसंही ते बायबल माझ्याशिवाय उघडतं कोण?

२२ जानेवारी

पोरीच्या भल्याचाच विचार करतो मी. जंगलातले रस्ते. संध्याकाळी पाचनंतर वाहन नाही. कुणाच्या मयताला अपरात्री जावं लागतं. एकटी बाईमाणूस कशी जाणार?

हे सगळं हिला नीट समजावून सांगितलं. ही तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमाला भ्या नेमकं कशाचं वाटतंय? ती जाईल त्याचं, का शिकून हितंच परत येईल त्याचं?"

चहा गार दिला म्हणून ओरडलो.

२ फेब्रुवारी, रविवार

कापणीचा सण. प्रत्येकानं शेतातलं, परसातलं पहिलं काही आणायचं, आणि उपासनेनंतर अंगणात त्याचा लिलाव. लिलाव मीच पुकारतो. भात, नारळ, भोपळे, गुणाचा एक अत्यंत भांडखोर कोंबडा.

झिलू दरवर्षी देतो तसा यंदाही कोन घेऊन आला. त्याच्या मांडीएवढा कंद! दोघांना उचलावा लागला. मी पुकारा सुरू केला तर बोली चढेना. झिलू फणसाखालनं उठून आला. "माजा कोन एवढ्या स्वस्तात? मुळीच देत न्हाई!" आणि स्वतःच बोली लावली. मग मीही चेव येऊन ओरडलो, पलीकडून गुणा ओरडला, कोंबडा ओरडला. शेवटी झिलूनं स्वतःचाच कोन विकत घेतला आणि फुलाक्काला देऊन टाकला.

असा लिलाव कैक वर्षांत झाला नव्हता!

३ फेब्रुवारी

आवाज गेला. साफ.

५ फेब्रुवारी

लोंढ्याला डॉक्टरकडे. आठ दिवस तोंड उघडायचं नाही म्हणाले. ही त्यांना म्हणाली, "धा करा की."

९ फेब्रुवारी, रविवार

आजचं आजच लिहून ठेवतो.

आठवडाभर आशा धरून होतो, घसा उघडेल. नाही उघडला. काल फुलाक्का घरी येऊन सांगून गेली, "सोनिया हाय न्हवं सुट्टीला आलेली? उभं ऱ्हाऊ दे की तिला." मी हातवारे करून नको नको म्हणत होतो. फुलाक्कानं आणि हिनं मिळून मी हो म्हणतोय असं ठरवलं.

आणि मग सकाळी उपासनेच्या वेळी एकदम आठवलं. पाकीट! मोठ्या बायबलात!

उठून जाणार कसा? सोनिया पुलपीटवर पोचली होती. बायबल उघडलं. थांबली. खाली बघत राहिली. मग तिनं पानं उलटली, वाचन केलं, आणि बोलायला लागली. दिसलं नसावं. पहिल्यांदा उभं राहिलं की माणूस थांबतोच, मीही थांबलो होतो.

बोलली ती माझ्यावर! म्हणाली, "माझे पप्पा रेल्वेत कीमन होते. रोज उजाडताना खांद्यावर हातोडा घेऊन सात किलोमीटर रुळावरून चालायचे. रूळ धरून ठेवणारी एकेक चावी ठोकून बघायचे. नुसत्या आवाजावरून कळायचं, कुठली सैल आहे. वरून गाड्या जायच्या, पण गाडीतल्या एकाही माणसाला त्यांचं नाव माहीत नव्हतं. मी सात वर्षांची असताना त्यांना ताप होता, तरी निघाले. मी म्हटलं, एक दिवस नाही गेलात तर कुणाला कळणार आहे? तर म्हणाले, जे काम कुणाला दिसत नाही, ते चुकवलं तर आपल्याला दिसत राहतं." मग म्हणाली, देव मला तसाच वाटतो. वरून जाणारा नाही, रोज चालत येऊन ठोकून बघणारा.

असं मी बोललो होतो? मला काही आठवत नाही. एवढं चांगलं मी कधी बोललो?

सतरा मिनिटांत संपवलं. फुलाक्काचे डोळे शेवटपर्यंत उघडे! बाहेर झिलू तंबाखू मळायचा थांबला होता. पदर, रुमाल, सगळ्यांची नाकं लाल. नंतर सोनिया आवरायला मागं थांबली, मी घरी आलो आणि न्हाणीत जाऊन रडलो. आवाज नव्हता ते बरं.

१० फेब्रुवारी

खरं लिहितो, इथं कोण बघतंय. मला हेवा वाटला. माझ्या बावीस वर्षांपेक्षा तिची सतरा मिनिटं चांगली. अभिमान वाटला तोही त्याच मिनिटाला. दोन्ही एकदम, ताप आणि थंडी येते तसं.

हिनं तांदूळ निवडताना विचारलं तेच खरं होतं. ती परत येईल याचंच भ्या.

सही करायची. ठरलं. लोंढ्याला नेऊनही देईन.

१३ फेब्रुवारी

चर्चमध्ये गेलो. पेन खिशात. आत फुलाक्का झाडत होती. "काय पायजे?" म्हणाली. आवाज आला आहे थोडा. म्हटलं, काही नाही, छपराचं बघायला आलो. छपराकडे बघून परत आलो.

तिच्यासमोर त्या पानांतून पाकीट काढलं असतं तर दुपारपर्यंत नऊ घरांत झालं असतं. कमिटीचा सेक्रेटरी पोरीचं पत्र लपवतो!

झिलू उळवीच्या जत्रेला गेला. तो असता तर शिव्या तरी घातल्या असत्या.

१४ फेब्रुवारी

उद्या नक्की.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज शेवटचा दिवस होता.

सकाळी पत्र न घेताच स्टेशनवर गेलो. का, ते मलाही सांगता येणार नाही. पत्र हातात घेतलं की सोनियाला सांगावं लागलं असतं, महिनाभर कुठं होतं ते. बाकावर बसलो. लोंढ्याची गाडी आली, गेली. पेन खिशातच.

रजा टाकून घरी आलेल्या सोनियानं दिवसभरात पत्राचा विषय काढला नाही. दुपारी मला गरम पाणी, मीठ आणून दिलं. "गुळण्या करा, पप्पा." तिच्या तोंडाकडे बघवेना. सात किलोमीटरच्या चाव्या ठोकल्या आणि घरातली एक सोडून दिली मी.

उद्या पाळक यायच्या आधी ते पाकीट काढून चुलीत घालीन. कुणाला कळायचं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार

सगळ्यांच्या आधी गेलो. बायबल उघडलं. पाकीट जिथल्या तिथं. मागच्या बाजूला पेन्सिलीनं, सोनियाच्या अक्षरात:

"पप्पा, खरी शेवटची तारीख २८ हाय. पाळकांना म्हाईत हाय. तुमाला पंधरा सांगितली, कारण तुमी तारीख गेल्यावरच उठता. — सोनिया, ९ फेब्रुवारी."

नऊ तारीख. म्हणजे कीमनचं सांगत होती, तेव्हा पाकीट तिच्या हाताखाली होतं.

पुलपीटवरच सही केली. वाकडी आली. गाडी यायला अजून वेळ आहे, पण स्टेशनवर जाऊन उभा राहतो.