जे गेले ते गेले, हे मला मान्य आहे

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकोणसत्तर, धंदा संगणक दुरुस्ती, आज पूर्ण शुद्धीवर असून, कोणी भरीस घातलेले नसताना, उलट घरच्यांनी "आत्ताच कशाला?" म्हणून अडवलेले असताना, हे माझे पहिले आणि शेवटचे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. "डोके ठिकाणावर आहे" असे लिहून देण्याआधी त्यांनी त्यांच्या प्रिंटरविषयी माझ्याशी अर्धा तास वाद घातला आणि हरले, त्यामुळे दाखला खात्रीचा समजावा. मृत्युपत्र संगणकावर का लिहिले नाही असे कोणी विचारू नये. भटारखान्यात राबणारा माणूस त्याच हॉटेलात जेवत नाही.

कलम १. राहते घर, म्हणजे दोन खोल्या व गॅलरी, आमच्या ह्यांना. "ह्यांना" म्हणजे माझ्या नवऱ्याला. कायद्याला "हे" कळत नाहीत असे वकीलबाई म्हणाल्या. बँकेत जे असेल तेही त्यांनाच.

कलम २. दुकानाचा गाळा पुतणीला. गाळ्यातला भिंतीवरचा बोर्ड मात्र तिच्या आईला, म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाईंना.

याचे कारण लिहिणे भाग आहे. वीस वर्षांपूर्वी मी जाऊबाईंचा संगणक दुरुस्त केला. तो सुरू झाला, फक्त आतले तीन हजार फोटो गेले. आमचे सासरे उभ्या आयुष्यात एकदाच हसले होते, पंचाहत्तराव्या वाढदिवसाला, आणि तो फोटो त्या तीन हजारांत होता. "आधी सांगितलं असतंस तर मी कॉपी काढून ठेवली असती," एवढे म्हणून जाऊबाईंनी माझ्याशी बोलणे टाकले. पुढे जेवायला शेजारी बसलो तरी त्या भिंतीला सांगत, "तिला म्हणावं, मीठ सरकव." मीही भिंतीला सांगे, "त्यांना म्हणावं, सरकवलं."

चूक माझी होती. दुसऱ्याच दिवशी मी बोर्ड लावला: "दुरुस्तीत माहिती जाऊ शकते. कॉपी काढली आहे का?" पण लोक बोर्ड वाचत नाहीत. म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवू लागले. तेव्हा लोक ऐकेनात. मग त्यांना माझ्यामागून म्हणायला लावू लागले. बोर्ड वाढत वाढत छताला टेकला. "फोटो जाऊ शकतात, पत्रे जाऊ शकतात, जे गेले ते गेले, हे मला मान्य आहे." एक गृहस्थ हे म्हणता म्हणता हुंदके देऊ लागले. ते नुसता माउस विकत घ्यायला आले होते. दुसरे एक चहा सांडलेला कीबोर्ड घेऊन आले.

"अहो बाई, कीबोर्डात कसली आलीय माहिती?"

"'माहिती नाही' असं लिहून देता?"

त्यांनी माझ्याच कागदावर सही केली.

जाऊबाईंनी हा बोर्ड वाटेल तिथे लावावा. खिळे सोबत देत आहे.

कलम ३. खडखडणारा टेबलफॅन, ज्याच्या आवाजाने ह्यांना झोप येत नाही, तो आमच्या ह्यांना. तो त्यांनी विकू नये, कोणाला देऊ नये आणि दुरुस्त करू नये. ह्यांच्या पित्ताशयाचे ऑपरेशन होते तेव्हा सर्जननी माझ्यापुढे फॉर्म ठेवला. मी तो शेवटपर्यंत वाचला.

"यात माहिती जाण्याबद्दल काहीच नाही," मी म्हणाले.

"कसली माहिती?"

"ह्यांची. चाळीस वर्षांची आहे."

"बाई, आपण पित्ताशय काढतोय."

"मग लिहून द्यायला काय हरकत आहे?"

सर्जन सज्जन होते. "रुग्णाची स्मरणशक्ती जशी आणली तशी परत मिळेल," असे त्यांनी फॉर्मच्या तळाशी लिहून दिले. आमचे हे स्ट्रेचरवर पडून सगळे ऐकत होते. दुसऱ्या दिवशी शुद्धीवर आल्यावर माझ्याकडे पाहून म्हणाले, "नमस्कार. आपण कोण?" मी तिथल्या तिथे कोसळले. पलंगाची कड कपाळाला लागली आणि त्याच सर्जननी मला तीन टाके घातले. हसताना ह्यांचे टाके दुखत होते, तरी हे हसत होते. म्हणून फॅन.

कलम ४. सगळे स्क्रूड्रायव्हर, सोल्डरिंगची गन, चिमटे, धूळ उडवायचा ब्लोअर आणि भिंगाचा दिवा पुतणीला. ती बाजारात मोबाइल दुरुस्त करते आणि हात चांगला आहे. तोंड मात्र चांगले नाही. गिऱ्हाइकाला ती म्हणते, "टेन्शन घेऊ नका, होऊन जाईल." हे वाक्य माझ्या हत्यारांच्या दहा फुटांच्या आत उच्चारले गेल्यास हत्यारे वकीलबाईंकडे जमा व्हावीत. त्यांना त्यांतले एकही धरता येत नाही, पण त्या लिहून दिल्याशिवाय काही बोलत नाहीत.

कलम ५. फळीवरचा, चादर पांघरलेला संगणक माझा नाही. तो हेडमास्तरांचा आहे, त्यामुळे तो मी कोणाला देऊ शकत नाही. तरी हे कलम सर्वांत मोठे होणार आहे.

शाळेतून निवृत्त झालेले हेडमास्तर अकरा वर्षांपूर्वी हा संगणक चादरीत गुंडाळून, दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. "यात माझे आत्मचरित्र आहे," ते म्हणाले. "किती पाने?" मी पेन उघडून विचारले. "सातशे." मी बोर्ड वाचून दाखवला. त्यांचा चेहरा पडला.

"जाऊ शकते म्हणजे किती?"

"सगळे, सर."

"आणि राहू शकते?"

"राहू शकते. पण लिहून देणार नाही."

"मग आज नको. उद्या येतो."

दुसऱ्या दिवशी बरोबर अकराला आले. "आज काय म्हणता?" मी म्हणाले, "आजही तेच, सर." ते थोडा वेळ बसले आणि गेले. तिसऱ्या दिवशीही तेच झाले. महिन्याभराने मी त्यांच्यासाठी खुर्ची आणली. त्यांनी बोर्डातल्या चौदा चुका काढल्या. महिन्यातून एकदा ते चादर धुवायला नेत आणि इस्त्री करून आणत. नवी गिऱ्हाइके त्यांना मालक समजत.

चार वर्षांपूर्वी सर आजारी पडले आणि नऊ दिवस आले नाहीत. दहाव्या दिवशी दुपारी मला अवदसा आठवली. सर बरे होऊन येतील तेव्हा संगणक सुरू करून दाखवू, असे मनात आले. सही नव्हती, परवानगी नव्हती. मी चादर काढली. जळाला होता फक्त पॉवर सप्लाय. तो बदलायला वीस मिनिटे लागली. मग, नियमाप्रमाणे, काहीही उघडून बघण्याआधी मी त्यांची डिस्क आणि माझी एक कोरी डिस्क जोडली आणि कॉपी लावली. कॉपी पूर्ण झाल्यावर मला दिसले की दिशा उलटी दिली होती. रिकाम्या डिस्कची कॉपी मी भरलेल्या डिस्कवर काढली होती. परत आणायचे जेवढे उपाय मला येतात तेवढे केले. काही आले नाही.

मी संगणकावर पुन्हा चादर घातली. तिसऱ्या दिवशी सर आले. काठी नवीन होती. "आज काय म्हणता?"

"आजही तेच, सर."

तेव्हापासून चार वर्षे मी हे खोटे रोज अकरा वाजता बोलत आहे. भरपाई म्हणून दुसरे काही सुचले नाही, तेव्हा त्याच आठवड्यापासून मी सरांना रोज एक प्रश्न विचारू लागले. शाळेतल्या पहिल्या दिवशी पायात काय होते? वडील रागावले की काय करत? एकेका प्रश्नाला सर दोन-दोन तास उत्तर देत. ते गेले की मी सगळे वहीत उतरवायची. चौदा वह्या झाल्या आहेत. शेजारच्या झेरॉक्सवाल्या बाईंनी प्रती काढल्या. एक प्रत त्यांच्याकडे आहे, एक माझ्या घरी. तिसरी प्रत वेगळ्या वस्तीत असावी असा माझाच नियम, आणि तसे ओळखीचे घर मला एकच. मी जाऊबाईंच्या दारात गठ्ठा घेऊन उभी राहिले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, गठ्ठा माळ्यावर ठेवला, आणि वीस वर्षांत प्रथम, भिंतीकडे न बघता, माझ्याशी बोलल्या: "इथे माहिती जाऊ शकते. आमच्याकडे उंदीर आहेत." मग चहा टाकला.

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये असा कायदा आहे, आणि सर साक्षीदार आहेत. म्हणून चौदा वह्या आज सहीच्या आधीच त्यांच्या हातात देत आहे. त्या या मृत्युपत्राचा भाग नाहीत. हे कलम मी त्यांच्यासमोर मोठ्याने वाचणार आहे. त्यानंतर त्यांनी साक्षीदार राहायचे की फिर्यादी व्हायचे, हे त्यांनी ठरवावे.

कलम ६. हे सारे अमलात आणण्याचे काम वकीलबाईंकडे. यात काही राहिले असेल तर ते राहू द्यावे.

ठिकाण: माझे दुकान, खुर्चीच्या समोर.
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५, बुधवार, सकाळचे साडेअकरा.

(सही) मृत्युपत्र करणारी

साक्षीदार पहिली, झेरॉक्सवाली: सही डोळ्यांदेखत झाली. मजकूर वाचलेला नाही, पण भिंत पातळ असल्यामुळे ऐकला. (सही)

साक्षीदार दुसरा, निवृत्त हेडमास्तर: सही माझ्यासमोर झाली. बाई मध्ये दोनदा थांबल्या, पाणी प्यायल्या. मजकुरात शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. त्या लाल शाईने दुरुस्त करून प्रत्येक ठिकाणी बाईंची लहान सही घेतली आहे. पाचव्या कलमाविषयी नोंद करणे मला भाग आहे. त्या संगणकात सातशे पाने नव्हती. पुस्तकाचे नाव होते आणि त्याखाली "प्रकरण पहिले" एवढे होते. पुढे काय लिहावे हे आठ महिने सुचले नाही. संगणक बंद पडला तेव्हा मला फार बरे वाटले. दुकानात बाईंनी पेन उघडून "किती पाने?" असे विचारले, आणि मला "एक" म्हणवेना. वह्या मिळाल्या. इथेच बसून तीन वाचल्या. दुसरीत माझ्या धाकट्या बहिणीचे लग्न माझ्या जन्माच्या आधी लावले आहे. उद्या अकराला येतो. (सही)