दुसऱ्या सीटचं वजन

प्रिय मावशी,

नमस्कार. पत्र उघडलंस, म्हणजे निम्मं काम झालं. गेल्या रविवारचा प्रकार आधी जसा घडला तसा मांडते, कारण तू तो शेजारणीला जरा वेगळा सांगितल्याचं कानावर आलं आहे.

१. आमच्या क्लबचं दोन सीटचं विमान गवती धावपट्टीवर उभं होतं. चालक मी. परवाना मिळाल्यानंतरची माझी पहिली प्रवासी तू.
२. विमान धावू लागलं.
३. विमान धावतच राहिलं.
४. कुंपणापलीकडची झाडं मोठी दिसायला लागली. मी इंजिन मंद केलं, ब्रेक लावले. कोणाला इजा नाही.
५. आमच्या मुख्य प्रशिक्षकांनी सामान तोलायचा काटा मागवला आणि सगळ्यांदेखत तुझ्या पायाशी ठेवला.
६. 'मी काय सिमेंटचं पोतं आहे?' असं म्हणून तू पिशवी उचललीस आणि बस पकडलीस.
७. तेव्हापासून तू फोन उचलत नाहीस.

आता तब्येतीचं. गुडघा कसा आहे? शिलाईयंत्राची नवी मोटर आवाज करते म्हणाली होतीस. तिच्यात तेल ओतू नकोस, आधी पट्टा सैल आहे का बघ. मी बरी आहे. जेवण थोडं कमी केलं आहे, पण काळजीचं कारण नाही (कारण आहे, ते पुढे येईल).

तू बसमध्ये चढताना म्हणालीस, 'एवढं मोठं धूड, आणि एका बाईने दमतं!' विमानावर हा अन्याय आहे, म्हणून थोडं त्याच्या बाजूने सांगते. हे विमान कंपनीने तीन प्रकारांत काढलं. तिन्हींचे पंख डोक्यावर, छपरासारखे. पहिल्या प्रकाराला तिसरं चाक शेपटीखाली, त्यामुळे जमिनीवर ते नाक वर करून उभं असतं (तुझी धाकटी नणंद लग्नात उभी होती तसं). दुसऱ्यात ते चाक नाकाखाली आलं आणि विमान सभ्य दिसू लागलं. तिसऱ्याला मोठं इंजिन दिलं, ते दोन धष्टपुष्ट माणसं सामानासकट सहज उचलतं. आमच्या क्लबकडे पहिला प्रकार आहे. पण पंख वर असल्यामुळे खालचं सगळं दिसतं, आणि तुला तेच हवं होतं. तुझ्या शिवणाच्या दुकानाचं छप्पर नेमकं कुठून गळतं ते एकदा वरून बघायचं, म्हणजे गवंड्याचं तोंड बंद होईल, असं तू मला शाळेत असल्यापासून सांगते आहेस. मी विमानं दुरुस्त करायला शिकले, मग चालवायला शिकले, त्यामागे हे छप्पर नव्हतं असं मी म्हणणार नाही.

आता चूक कोणाची. आई गेल्यावर मी तुझ्या कापणीच्या टेबलाखाली वाढले. तिथून मला गिऱ्हाइकांचे पाय दिसायचे आणि बोलणं ऐकू यायचं. बाई म्हणायची, 'कंबर अठ्ठावीस लिहा.' तू 'हो हो' म्हणायचीस आणि टेप गुंडाळून चौतीस लिहायचीस. गिऱ्हाईक गोड बोलतं, टेप खरं बोलते, हे मी अक्षरओळखीच्या आधी शिकले. आज मी एकेक स्क्रू दोनदा तपासते. आणि तुझं वजन मात्र फोनवर विचारलं आणि मान्य केलं. आमचे मुख्य प्रशिक्षक (त्यांना सगळे भोंगासर म्हणतात, का ते तू ऐकलंसच) रविवारी सगळ्यांसमोर म्हणाले, 'प्रवासी तोलला होतास का?' मी म्हटलं, 'सर, मावशी आहे ती.' ते म्हणाले, 'मग? मावश्यांना वजन नसतं?' काटा आला तेव्हा मी मध्ये पडायला हवं होतं. मी टायर बघत उभी राहिले. ते मला नंतर आवडलं नाही.

दोन दिवस मी तुझ्यावर चिडलेली होते. मग कागदावर हिशेब मांडला आणि चिडणं थांबलं. फोनवर मी तुला काय सांगितलं होतं ते आठवलं. टाकी भरल्यावर दोघींना मिळून एकशे बारा किलो, माझे त्रेपन्न, म्हणजे उरले एकोणसाठ. आणि मग विचारलं, 'तुझं किती?' तू म्हणालीस, 'अगं, काय योग आहे बघ, एकोणसाठच!'

मावशी, तू वजन लपवलं नाहीस. जेवढी जागा होती तेवढी झालीस. जास्त सांगितलं तर ही दुसऱ्या कोणाला तरी नेईल, असं तुला वाटलं. हे लिहून झाल्यावर मी उठून पाणी पिऊन आले.

भोंगासर म्हणतात, 'दुसरी कोणी बघ, क्लबात पंचेचाळीस किलोच्या मुली आहेत.' मी सांगितलं, ती सीट दिलेली आहे. पण येत्या सोमवारी विमानाचं इंजिन दुरुस्तीला उतरवणार, मग चार महिने ते जागचं हलणार नाही. म्हणून या रविवारसाठी मी चौथा प्रकार तयार केला आहे, जो कंपनीला सुचला नाही. चाकांवरची शोभेची आवरणं काढली, नियमात बसतं: सहा किलो. टाकी वीस लिटर कमी भरायची, तुझ्या छपरावर दोन घिरट्या घालून परत येऊन वर शिल्लक राहील इतकं पेट्रोल तरीही असतं: चौदा किलो. माझे दोन किलो (आवरणांपेक्षा हे काढणं अवघड गेलं). भोंगासरांनी हिशेब तपासला, सही केली आणि चक्क हळू आवाजात म्हणाले, 'त्यांना म्हणावं, माझं चुकलं.'

तुझी,
सुई

ता. क. पिशवी नेलीस, पण तू माझ्यासाठी शिवून आणलेली गादी माझ्या सीटवर राहिली. तिच्यामुळे मला उंच नाकावरून पुढचं दिसतं, आधी मान ताणावी लागायची. सीटचं माप कधी घेतलंस? शिवण अगदी बरोबर वळली आहे. गादी एक किलो भरली, तीही हिशेबात धरली आहे.

ता. क. २. रविवारी पिशवी भोंगासरांकडे ठेवायची. तिच्यातली मोठी लोखंडी कात्री हवेत लागत नाही.

ता. क. ३. खरं म्हणजे हे पत्र तुझं खरं वजन विचारायला लिहिलं. सांगायचं नसेल तर नको सांगू, मी ऐंशी धरून चालले आहे. (ओरडू नकोस, ती कमाल मर्यादा आहे. काटा आतल्या खोलीत ठेवला आहे, दार लावून. आकडा मी एकटी बघेन.) येणार की नाही, एवढं गुरुवारपर्यंत कळव.